राय द्यायला पारावर चढलो

इलेक्शन जवळ आलं की आमच्या गावात सगळ्यांना एकाच वेळी अक्कल फुटते. हॉटेलापुढच्या बाकावर बसून म्हणतात, सारा कमी झाला पाहिजे, पट्ट्या गेल्या पाहिजेत, सरकारला एवढे नोकर कशाला, निम्मे घरी बसवा. मग कोणीतरी माझ्याकडं वळून विचारतं, बाबा, तुमचं काय मत? मी म्हणतो, मत पेटीत टाकायचं असतं, बाकावर सांडायचं नसतं. आणि काठी घेऊन उठतो. मागून हसतात. हसू द्या. ज्यांना वाटतं की सरकार लहान करायची गोष्ट त्यांनीच परवा शोधून काढली, त्यांच्यासाठी हे लिहितो. माझी शाळा दोनच वर्षांची. अक्षर वाकडं आहे, पण खोटं लिहिणार नाही.

आधीच सांगून ठेवतो, मी पट्टीचा कैवारी नाही. पट्टी म्हणलं की अजून माझ्या कपाळाची शीर उडते. पण पट्टी कमी करा म्हणणाराही मला आवडत नाही. दोघांनाही मी जवळून बघितलेलं आहे.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली. आमचं गाव गेवराईकडच्या चकलांब्यापासून कोसा-दीड कोसावर. मी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर असेन, आणि गावच्या कोंडवाड्याचा रखवालदार होतो. आताच्या पोरांना कोंडवाडा माहीत नसेल, म्हणून सांगतो. तुमचं जनावर माझ्या ज्वारीत शिरलं, तर मी ते मारायचं नाही. हाकत कोंडवाड्यात आणायचं. तिथला रखवालदार ते वहीत लिहून घेणार, आत कोंडणार, चारापाणी करणार. तुम्ही येऊन दंड भरायचा आणि जनावर घेऊन जायचं. एवढंच काम. भिंती काळ्या दगडाच्या, पुरुषभर उंच, आणि एकच दार, त्याला लोखंडी कडी. त्या कडीच्या कुलपाची किल्ली माझ्या कमरेला.

आम्ही जातीनं धनगर. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराकडं माळावरचा एखादा मुरमाड तुकडा होता, त्याचा धारा, म्हणजे जमिनीचा सारा, आम्ही भरत होतो, पण पोट मेंढरांवर. आमच्या गल्लीत सरकारी किल्ली कमरेला लावणारा मी पहिला. गावात नवीन शाळा निघाली तेव्हा मास्तरांनी मला दोन वर्षं धरून बसवलं होतं. मी तेव्हा पाटी धरायच्या वयाचा राहिलो नव्हतो, मिसरूड फुटलं होतं, पोरं हसायची. पण मला नाव लिहायला, आकडे मांडायला आले, आणि कोंडवाड्यासाठी लिहिता येणारा माणूस पाहिजे म्हणून मास्तरांनीच तालुक्याला माझं नाव कळवलं. दंडावर पितळी बिल्ला आला. तो मी चिंचेनं घासून चकचकीत ठेवत होतो.

पण रखवालदाराला गावात मित्र नसतो. ज्याचं पीक वाचलं तो विसरतो, ज्याचं जनावर कोंडलं तो विसरत नाही. पहिल्याच साली पाटलाचा पांढरा खिल्लार बैल माळ्याच्या वांग्यात घुसला आणि माळ्यानं तो भीतभीत माझ्याकडं आणून सोडला. संध्याकाळी पाटलाचा सालगडी आला, म्हणला, सोड, पाटलाचा बैल हाय. मी म्हणलं, बैलानं तसं काही सांगितलं न्हाई. गडी हसला, आणि गावात जाऊन हे वाक्य त्यानं दहा ठिकाणी सांगितलं. पाटलाला दंड भरावा लागला. तेव्हापासून मी राम राम घातला की पाटील आभाळाकडं बघायचे.

बरं, म्हणावं तर आपल्या लोकांत तरी मान मिळावा. तिथंही तेच. पुढल्याच वर्षी माझ्या सख्ख्या चुलत्याची मेंढरं पाटलाच्या हरभऱ्यात गेली. पाटलाच्या गड्यांनी कळपच्या कळप हाकत आणला, आणि मी वही काढली. चुलता दारात येऊन उभा राहिला. म्हणला, "तुझ्या बापाला म्या खांदा दिलाय. मपली मेंढरं कोंडतुस व्हय?"

मी म्हणलं, "दंड भर, सोडतो."

त्यानं भरला. पण त्या दिवसापासून आमच्या गल्लीत लग्नाच्या पंगतीला मला बोलावणं बंद झालं. माझी बायको पाण्याला जायची ती बाकीच्या बायका येऊन गेल्यावर. तिनं मला एकदाच सांगितलं की नोकरी सोडा न्हाईतर गल्ली सोडा. मी दोन्ही सोडलं नाही.

आता पट्टीचं सांगतो. धाऱ्यावर आणखी एक लोकल पट्टी होती. तिच्यातून माझा पगार निघायचा, मास्तरांचा निघायचा, आणि गावच्या बारवेतला गाळ दोन-तीन वर्षांनी काढला जायचा. दोन साल पाऊस आखडता झाला, तशी गावात बोली सुरू झाली की ही पट्टी कावून द्यायची? पाराच्या कट्ट्यावर पाटलाची भावकी बोलायची, खाली मातीत बाकीचे बोलायचे. वरचे आणि खालचे एवढ्या एका गोष्टीवर एक झालेले मी पहिल्यांदाच बघत होतो. एक म्हातारा कुणबी म्हणला, सरकारला दोनच नोकर बास हायेत, एक पाऊस पाडणारा, एक चोर धरणारा. दुसरा म्हणला, पाऊस सरकार पाडीत न्हाई. मग एकच ठिवा, म्हातारा म्हणला, आन् त्यो बी इथला नगं, न्हाईतर चोराला वळखून सोडून देईल. सगळे हसले. मग नजरा माझ्याकडं वळल्या, आणि कोणीतरी म्हणलं, पयला ह्यो रखवालदार काढा, जनावरं आपली आपण बघू. शाळेबद्दलही तेच. शिकून काय होतं, म्हणले, ह्याच्यासारखं होतं.

मी तोंडावर हसायचो आणि घरी येऊन कुलूप तेल लावून पुसत बसायचो. खरं सांगायचं तर पट्टी मलाही नको होती. माझ्या मुरमाड तुकड्यावर मीही ती भरत होतोच. पण ती गेली तर मी गेलो, हे मला लख्ख कळत होतं. किल्ली गेल्यावर मला मेंढरामागं जावं लागलं असतं, आणि ज्यांच्या मेंढरामागं जायचं त्यांचीच मेंढरं मी कोंडलेली होती.

पटवाऱ्यानं अर्जी लिहिली, गावानं अंगठे दिले, अर्जी तालुक्याला गेली. मला वाटलं तिथंच कुठंतरी धूळ खाईल. पण सुगी झाल्यावर तहसीलदार दौऱ्यावर निघाले आणि निरोप आला की साहेब गावाची राय घ्यायला येतायत. राय म्हणजे मत. निजामाच्या मोगलाईत रयतेला कोणी राय विचारत नव्हतं, म्हणून गाव आठ दिवस फुगून फिरत होतं.

आता इथं पाराची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मारुतीपुढं मोठा लिंब, त्याच्याभोवती दगडी पार. त्या पारावर बसायचा मान पाटलाच्या भावकीचा आणि आणखी तीन-चार घरांचा. बाकीच्यांनी खाली बसायचं, वहाणा काढून. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण जनावराला जशी गोठ्यातली जागा ठाऊक असते तशी ती सगळ्यांना ठाऊक होती. माझा बाप एकदा गेवराईच्या बाजारातून पाटलाचंच ओझं डोक्यावर घेऊन आला. पायात काटा मोडला होता. ओझं उतरवलं आणि काटा काढायला तो पाराच्या कडेला टेकला. पाटलाच्या धाकट्या भावानं दंडाला धरून त्याला ओढला. बाप पडला, पटका सुटून धुळीत घरंगळत गेला, आणि वर बसलेली माणसं हसली. बापानं पटका उचलला, झटकला, आणि एका पायावर उभं राहून काटा काढला. मी तिथंच होतो. त्यानंतर बाप मरेपर्यंत मारुतीच्या पुढून गेला नाही, देवळाच्या मागून वळसा घालून जायचा.

तहसीलदार घोड्यावरून आले, बरोबर त्यांचा कारकून, म्हणजे पेशकार, आणि दोन शिपाई. खुर्ची पारावर मांडली, लिंबाच्या सावलीत. पाटील आणि भावकी वर, आपापल्या जागी. खाली उन्हात आम्ही, माळी, आणखी दोन-चार गल्ल्या. ज्याच्या नावावर धारा आहे त्यालाच राय, असं ठरलं होतं, तरी खालची माणसं वरच्यांच्या दुपटीनं होती. मी बिल्ला लावून खालीच, पण जरा बाजूला बसलो होतो, कारण आमच्या गल्लीच्या लोकांनी माझ्यासाठी जागा केली नव्हती.

साहेबांनी कागद पटवाऱ्याकडं दिला आणि पटवाऱ्यानं तो मराठीत समजावून सांगितला. पट्टी निम्मी करायला सरकार तयार आहे. पण मग कोंडवाडा बंद, शाळा बंद, बारवेचा गाळ गावानं आपला आपण काढायचा. कबूल असेल तर सांगा. झालं, सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणला पुरी माफ करा, कोणी म्हणला शाळा बंद करा पण गाळ काढा, एकानं तर मधेच आपल्या भावाशी असलेलं बांधाचं भांडण काढलं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

तेव्हा पेशकाराला युक्ती सुचली. तो हैदराबादेकडचा माणूस, त्याला आमच्या गावातलं काय माहीत. तो म्हणला, ज्यांना पट्टी कमी पाहिजे आणि नोकर नको, त्यांनी वर पारावर यावं. ज्यांना आहे तसंच पाहिजे, त्यांनी खालीच बसावं. म्हणजे मोजायला सोपं.

पटवाऱ्यानं हे मराठीत सांगितलं आणि सगळा गलका थांबला. पारावरची माणसं होती तशीच बसून राहिली, त्यांना हलायचं कारणच नव्हतं. आणि खालची माणसंही होती तशीच बसून राहिली. एकही उठला नाही. ज्यांनी आठ दिवस माझ्या पगाराच्या नावानं बोटं मोडली होती, ज्यांनी अर्जीवर अंगठे दिले होते, तीच माणसं आता खाली मान घालून मातीत रेघा ओढत होती.

पेशकारानं मोजलं. वर थोडे, खाली जास्त. तो साहेबांना म्हणला, गाव पट्टी द्यायला राजी दिसतं.

पाटलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पट्टी सगळ्यात जास्त त्यांच्या जमिनीवर होती. ती कमी करायची तर खालची माणसं वर यायला पाहिजे होती. आणि खालची माणसं वर आली तर पार गेला. पाटील एकदा साहेबांकडं बघत होते, एकदा आमच्याकडं. त्यांनी म्हणून बघितलं, हुजूर, हे लोक खालूनच हात वर करतील, त्यांची राय आमच्यासारखीच हाय. साहेब म्हणले, "नहीं. ऊपर है सो ऊपर, नीचे है सो नीचे. ये लोगां आते कायकू नहीं?"

पाटलांनी पटका सारखा केला. परक्या माणसापुढं कसं सांगणार की आमच्या गावात ही माणसं वर येत नसतात.

मी मनात हसत होतो. खोटं कावून बोलू, छातीत गार वाटत होतं. माझी नोकरी राहिली होती. पाटलाच्या पारानंच ती राखली होती. मला फक्त गप बसायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर पेशकारानं आकडा लिहून वही मिटली असती.

तेवढ्यात पाटलाचा धाकटा भाऊ बोलला. तोच तो, बापाला ओढणारा. तेव्हाचा तरणा, आता केस पिकले होते, पण जीभ तीच. साहेबांना खूष करायला तो हसत म्हणला, "ते न्हाई यायचे, हुजूर. त्यांची जागा त्यांला ठाव हाय." आणि मग माझ्याकडं बोट करून म्हणला, "ह्या बिल्लेवाल्याच्या बापाला तेवढी ठाव नव्हती. म्या दाखवली."

वरची दोन-चार माणसं हसली. तसंच हसली.

मी उठलो. मला चांगलं आठवतं, मी काय करतोय ते मला पुरतं कळत होतं. लोक नंतर म्हणले की रागाच्या भरात त्याला पेशकाराचं बोलणं समजलं नाही, वर म्हणजे काय आणि खाली म्हणजे काय ह्यात तो चुकला. मी चुकलो नव्हतो. वर म्हणजे माझी नोकरी गेली, हे मला तिथल्या कोणापेक्षाही जास्त कळत होतं. पायात वहाणा होत्या, त्या मी काढल्या नाहीत. पाराला पायऱ्या आहेत त्या बाजूनं चढलो, पाटलाच्या धाकट्या भावाच्या शेजारी हातभर जागा होती, तिथं मांडी घालून बसलो. दगड गार होता. खालून वर बघणं आणि वरून खाली बघणं ह्यात किती फरक असतो, ते त्या दिवशी कळलं. बसलेल्या सगळ्यांचे नुसते पटके दिसत होते.

धाकटा भाऊ इतका चकित झाला की त्याला हलायचंही सुचलं नाही. साहेब समोर होते, शिपाई होते, दंडाला धरून ओढायची सोय नव्हती.

मग खालून माझा चुलता उठला. सावकाश, गुडघ्यावर हात देत. वहाणा त्यानं हातात घेतल्या, पण चढला. त्याच्यामागं आमची सगळी गल्ली उठली, मग माळी, मग बाकीचे. पारावर मावेनात, तेव्हा काही पायऱ्यांवर बसले, काही लिंबाच्या बुंध्याला टेकून उभे राहिले. पाटलाची भावकी आक्रसून एका बाजूला झाली. खाली उन्हात चार-दोन म्हातारे राहिले, त्यांना चढता येत नव्हतं म्हणून.

पेशकारानं पुन्हा मोजलं आणि लिहिलं. मग साहेबांची नजर माझ्या बिल्ल्यावर गेली.

"तू तो कोंडवाडे का आदमी है ना?"

"जी हुजूर."

"फिर ऊपर कायकू आया?"

मी म्हणलं, "बसायला आलो, हुजूर."

साहेबांना काही उलगडलं नाही. त्यांनी पेशकाराकडं बघून हात हलवला, लिखो.

घोडे गेल्यावर पाटलाचा भाऊ उठून उभा राहिला आणि म्हणला, झालं न्हवं तुमचं, आता उतरा. चुलता म्हणला, शाई वाळू द्या. एवढं बोलून तो आणखी घटकाभर बसला, आणि त्याच्यामुळं सगळेच बसले. माझ्याशी मात्र तो बोलला नाही.

घरी आलो तर बायकोला बातमी आधीच लागलेली. ती काही रडली-ओरडली नाही. परातीत पीठ घेत म्हणली, "पार घरी आणलाय का? आणला आसंल तर सांगा, त्याच्यावर भाकरी थापता येतीय का बघते." मी जेवायला बसलो. तिनं वाढलं, पण आठ-पंधरा दिवस माझ्याकडं तोंड करून बोलली नाही. जे काय सांगायचं ते भिंतीला सांगायची.

हुकूम यायला संक्रांत उलटली. तालुक्याचा एक शिपाई आला, म्हणला किल्ली दे, वही दे, बिल्ला दे. मी म्हणलं, पावती दे. त्याला लिहिता येत नव्हतं. तो म्हणला, कशाची पावती बे, जुनं कुलूप तर हाय. मी म्हणलं, ह्या कोंडवाड्यातनं पावतीबिगर कोंबडं बी गेलं न्हाई, किल्ली बी जाणार न्हाई. शेवटी पावती मीच लिहिली, किल्ली एक, वही एक, बिल्ला एक, आणि त्यानं खाली अंगठा दिला. दोन जनावरं आत होती, त्यांचं काय करायचं हे हुकुमात लिहिलेलं नव्हतं. मी दार उघडलं आणि हाकलून दिली.

मास्तरही त्याच आठवड्यात निघाले. त्यांना वडवणीकडं कुठंतरी एका व्यापाऱ्याच्या पोरांना शिकवायचं काम मिळालं होतं. मी त्यांचं बोचकं उचलायला गेलो तर त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं. म्हणले, "तुला मी अक्षर शिकवलं. तू माझी शाळा पारावर बसून खाल्लीस." मी वाटेतून बाजूला सरलो. पाटलाला मी उत्तर देऊ शकतो, साहेबाला देऊ शकतो, बायकोलाही देत आलो. मास्तरांना द्यायला माझ्याकडं आजही काही नाही. मी चढलो तेव्हा माझ्या नोकरीचा विचार केला होता, त्यांच्या नोकरीचा केला नव्हता. माझी नोकरी माझी होती, ती मी कुठंही फेकीन. त्यांची माझी नव्हती.

आणि पट्टी? ती निम्मी झाली, दोन वर्षं. मग दुसऱ्या नावानं दुसरी एक आली, आणि ह्या वेळी राय विचारायला कोणी आलं नाही. बारवेतला गाळ आम्ही आपला आपण काढू म्हणणारे एकमेकांची वाट बघत बसले. जनावरं आपली आपण बघू म्हणणाऱ्यांनी ती बघितली, काठ्यांनी बघितली. पूर्वी पिकात शिरलेलं मेंढरू कोंडवाड्यात यायचं आणि दंड भरून जितं परत जायचं. आता ते लंगडत परत यायचं, नाहीतर यायचंच नाही. सरकार लहान करा म्हणतात ना, लहान झालं की असं होतं. मोठं असतं तेव्हाही बरं नसतं. मी दोन्हीकडचा मार खाल्लाय, मला कोणी शिकवू नये.

पाराचं म्हणाल, तर पाटलाच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी तो शेणापाण्यानं धुवून काढला आणि पुन्हा त्यावर बसायला आलेच नाहीत. आपल्या दारापुढं नवीन ओटा बांधून घेतला. काही दिवस आमची गल्ली हट्टानं पारावर जाऊन बसायची, पण समोर जळणारं कोणी नसल्यावर नुसत्या दगडावर बसण्यात काय राहतं? लोक मेंढरांकडं, रानाकडं गेले. मी मात्र रोज संध्याकाळी जाऊन बसत होतो. एकटा असलो तरी. वहाणा घालून.

पण पारावर बसून पोट भरत नाही. चैत्रात घरातली ज्वारी खडखडली. माझी स्वतःची मेंढरं नव्हती, बापाची होती ती मी नोकरी लागल्यावर विकून टाकली होती, कारण सरकारी माणूस मेंढरामागं फिरतो का? तुकड्यात काही पिकण्यासारखं नव्हतं. चुलता कळप घेऊन गोदाकाठाकडं निघायच्या तयारीत होता, आणि त्याला एक माणूस कमी पडत होता हे मला माहीत होतं. तीन दिवस मी त्याच्या दारावरून गेलो आणि आत गेलो नाही. चौथ्या दिवशी बायकोनं माझी घोंगडी आणि बापाची काठी उंबऱ्यावर आणून ठेवली.

चुलता वाघरीच्या, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायच्या, जाळ्या गुंडाळत होता. मी येऊन उभा राहिलो तरी त्यानं वर बघितलं नाही. एक जाळी गुंडाळून झाली, दुसरी झाली. मी उभाच. मला वाटलं निघून जावं, आणि पाय वळलेही होते.

"काय रखवालदार," तो म्हणला, "आज कोणाचं कोंडायला आलात?"

मी म्हणलं, "माणूस पायजे म्हणून ऐकलं."

"माणूस पायजे. दंड भरून घेणारा नगं."

"त्यो सरकारी दंड व्हता. मपला न्हवता."

"तू मेंढरं सोडताना वहीत मपलं नाव लिवलं, आन् मला वाचून दाखवलंस. सगळ्या गावाम्होरं. ते सरकारनं सांगितलं व्हतं का?"

ते सरकारनं सांगितलेलं नव्हतं. मला वाचता येतं हे लोकांना दिसावं म्हणून मी वाचलं होतं. त्यानं तिसरी जाळी उचलली, बिऱ्हाड वाहायच्या घोड्याच्या पाठीवर टाकली, दोरी आवळली. चुलती दारातून बघत होती, ती आत निघून गेली.

मग तो म्हणला, "मागनं चाल. म्होरं चालायला मपलं कुत्रं हाय."

आमच्यात कळपाच्या मागं चालायचं काम पोरासोरांचं, नाहीतर नवशिक्याचं. धूळ सगळी मागच्याच्या तोंडात. मी घोंगडी खांद्यावर टाकली आणि मागं जाऊन उभा राहिलो. कळप हलला. कोंडवाड्यावरून जाताना दार उघडं होतं, आत कोणीतरी शेणी लावून ठेवल्या होत्या. एक लंगडं मेंढरू सारखं मागं पडत होतं. ते मी खांद्यावर घेतलं आणि चालत राहिलो.